शिंकेवरील औषध आणि हाडांची झीज

सर्दी झाली, शिंका सुरू झाल्या, अंगावर पित्त उठलें किंवा एखादा किडा चावला, म्हणजे घरांतील औषधांच्या पेटींतून एक लहानशी गोळी बाहेर निघते. तिनें शिंका थांबतात, खाज शमते आणि झोंप येते, एवढें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असतें. त्याच घरांतील आजी एखाद्या पहांटे न्हाणीघरांत पाय घसरून पडतात, खुब्याचें हाड मोडतें, आणि पुढील कित्येक महिने साऱ्या कुटुंबाचा दिनक्रम त्यांच्या अंथरुणाभोंवतीं फिरूं लागतो. शिंकेची गोळी आणि आजींचें मोडलेलें हाड यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असूं शकेल, अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस कांहीं संशोधकांना ती आली. जें औषध शिंक थांबवितें तें हाडांची झीजहि थांबवील काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो विचारण्यापर्यंत येण्यास शास्त्राला नव्वद वर्षें लागलीं. आणि त्याचें जें उत्तर मिळालें तें ऐकणाऱ्याला आशा देणारें आहे, तसेंच सावध करणारेंहि आहे.

या इतिहासाचा आरंभ एका बुरशीपासून होतो. युरोपांत राय नांवाचें धान्य पिकतें. त्याच्या कणसांवर अर्गट नांवाची काळपट बुरशी धरते. ती पिठांत मिसळली गेली तर माणसें दगावत. परंतु बेतशीर मात्रेंत तिचा उपयोग सुइणी प्रसूतीच्या वेळीं करीत असत. या बुरशीच्या अर्कांत कोणकोणतीं द्रव्यें आहेत याचा शोध लंडन येथील वेलकम प्रयोगशाळेंत हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर हे घेत होते. १९१० सालीं त्यांना त्या अर्कांत एक साधें द्रव्य सांपडलें. तें सर्वस्वीं नवें नव्हतें. १९०७ मध्यें विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं तें कृत्रिम रीतीनें तयार केलें होतें; मात्र तें प्राण्याच्या शरीरांत गेल्यास काय घडतें हें पाहण्याचें त्यांना कांहींच कारण नव्हतें. या द्रव्याला पुढें हिस्टामिन हें नांव रूढ झालें.

डेल आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक लेडलॉ यांनीं तें प्राण्यांना टोंचून पाहिलें. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या जाऊन तो गुदमरून मेला. कुत्र्याचा आणि मांजराचा रक्तदाब झपाट्यानें खालीं आला. आठ वर्षांपूर्वींच, १९०२ मध्यें, फ्रान्समधील शार्ल रिशे यांनीं एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती: एखादें द्रव्य प्राण्याला एकदां टोंचलें आणि कांहीं आठवड्यांनीं तेंच अल्प मात्रेंत पुन्हां टोंचलें, तर कधीं कधीं तो प्राणी तत्काळ कोसळतो. हिस्टामिननें होणारा मृत्यु आणि हा आघात यांत इतकें साम्य होतें कीं डेल यांच्या दृष्टींतून तें सुटलें नाहीं. परंतु हें द्रव्य निरोगी शरीरांत मुळांतच असतें हें सिद्ध झाल्यावांचून कोणताच निष्कर्ष काढतां येत नव्हता. त्या सिद्धतेसाठीं १९२७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ताज्या यकृतांतून व फुप्फुसांतून हिस्टामिन वेगळें काढून दाखविलें. म्हणजे ज्याला विष मानलें जात होतें तें प्रत्येकाच्या शरीरांत सदैव नांदत होतें. तें अवेळीं आणि अमाप बाहेर पडलें म्हणजे मात्र अनर्थ ओढवत होता.

यानंतरचा अध्याय पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत लिहिला गेला. तेथें अर्नेस्ट फूर्नो यांच्या प्रयोगशाळेंत डॅनियल बोवे नांवाचे तरुण स्विस संशोधक काम करीत होते. त्यांचा विचार अगदीं सरळ होता. अॅड्रिनॅलिनचें कार्य अडविणारीं द्रव्यें ठाऊक होतीं. अॅसिटिलकोलीनचें कार्य अडविणारें अॅट्रोपिन ठाऊक होतें. मग हिस्टामिनलाच तेवढा प्रतिकारक नसावा काय? १९३७ मध्यें बोवे आणि अॅन-मारी स्टॉब यांनीं त्या प्रयोगशाळेच्या संग्रहांतील द्रव्यें या दृष्टीनें तपासलीं. त्यांपैकीं एक द्रव्य दिलें असतां, एरव्हीं खात्रीनें प्राण घेणारी हिस्टामिनची मात्रा टोंचूनहि गिनीपिग जिवंत राहिला. हेंच पहिलें हिस्टामिनरोधक द्रव्य होय. तें माणसाला देण्याइतकें निर्धोक नव्हतें. परंतु वाट सांपडली होती.

पुढील वर्षें महायुद्धाचीं होतीं आणि पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यांत होतें. तशाहि स्थितींत काम थांबलें नाहीं. १९४२ मध्यें बर्नार हाल्पर्न यांनीं अँटर्गन हें माणसाला देतां येण्याजोगें पहिलें हिस्टामिनरोधक औषध पुढें आणलें. १९४४ मध्यें बोवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याहून सरस असें निओ-अँटर्गन तयार केलें. या औषधाचें शास्त्रीय नांव मेपिरामिन. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें, कारण त्रेपन्न वर्षांनीं पॅरिसच्याच परिसरांत तें पुन्हां भेटणार आहे. अमेरिकेंत जॉर्ज रिव्हेशल यांनीं शोधलेलें बेनाड्रिल १९४६ मध्यें रुग्णांच्या हातीं आलें. शिंका, पित्त उठणें, परागांनीं होणारी सर्दी यांवर अखेर कांहींतरी खरोखरीचा उपाय मिळाला. बोवे यांना १९५७ मध्यें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें; हेन्री डेल यांना तें मज्जातंतूंविषयींच्या वेगळ्या शोधासाठीं १९३६ सालींच मिळालें होतें.

मात्र या यशांत एक कोडें दडलेलें होतें. पोपिएल्स्की यांनीं १९२० मध्यें दाखविलें होतें कीं हिस्टामिन टोंचलें असतां जठरांत अम्ल पाझरूं लागतें. मग हिस्टामिनरोधक औषध घेतल्यानें हें अम्ल कमी व्हावयास हवें होतें. तें होत नव्हतें. शिंक थांबे, पण जठर आपलें काम पूर्ववत् करीत राही. याचा अर्थ असा कीं हिस्टामिन ही एकच किल्ली असली तरी शरीरांत तिचीं कुलुपें एकाहून अधिक असलीं पाहिजेत, आणि बोवे यांच्या औषधानें त्यांपैकीं एकच बंद होत असलें पाहिजे. १९६६ मध्यें अॅश व शिल्ड यांनीं या पहिल्या कुलुपाला, म्हणजे शास्त्रीय भाषेंत ग्राहकाला, एच्-१ असें नांव दिलें. दुसऱ्याचा शोध इंग्लंडमध्यें जेम्स ब्लॅक यांनीं लावला. १९७२ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एच्-२ ग्राहक अडविणारें द्रव्य जाहीर केलें, आणि त्याच मार्गानें पुढें जाऊन सिद्ध झालेलें सिमेटिडिन हें औषध १९७६ मध्यें ब्रिटनमध्यें विक्रीस आलें. जठरव्रणाच्या रुग्णांवर जी शस्त्रक्रिया वारंवार करावी लागे, तिची गरज त्यामुळें पुष्कळच कमी झाली. ब्लॅक यांनाहि १९८८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथपर्यंतच्या कथेंत हाडांचा उल्लेख कोठेंहि नाहीं. हाडांकडे नेणारी वाट एका निराळ्याच दिशेनें येत होती. १८७८ मध्यें पाउल एहर्लिख या जर्मन विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत रंगद्रव्यांच्या साहाय्यानें ओळखूं येणाऱ्या एका विशिष्ट पेशीचें वर्णन केलें. ती कणांनीं गच्च भरलेली असल्यामुळें भरपूर पोसली गेली असावी, असें त्याला वाटलें, म्हणून त्यानें तिला मास्ट पेशी म्हटलें. पुष्टतेचा वाचक असा तो जर्मन शब्द आहे. त्या कणांत काय सांठविलेलें असतें याचा उलगडा पाऊणशें वर्षें झाला नाहीं. १९५३ मध्यें स्कॉटलंडांतील डंडी येथें रायली आणि वेस्ट यांनीं दाखविलें कीं मास्ट पेशी हें हिस्टामिनचें कोठार आहे.

या मास्ट पेशी हाडांच्या मगजांतहि असतात. एका दुर्मिळ रोगांत त्यांची शरीरांत बेसुमार वाढ होते. आणि अशा रुग्णांचीं हाडें, वय फारसें नसतांहि, ठिसूळ होऊन पाठीचे मणके दबलेले आढळतात, असें वैद्यांच्या पाहण्यांत आलें. १९६८ मध्यें फ्रेम आणि निक्सन यांनीं उतारवयांत हाडें विरळ झालेल्या माणसांच्या मगजांतील मास्ट पेशींकडे लक्ष वेधलें. त्यांत या पेशी नेहमींपेक्षां अधिक दिसत होत्या. संशय घेण्यास हें पुरेसें होतें, परंतु निकाल देण्यास पुरेसें नव्हतें. मास्ट पेशींच्या कोठारांत हिस्टामिन एकटेंच नसतें. हेपॅरिनसारखीं इतर द्रव्येंहि असतात, आणि हेपॅरिन औषध म्हणून दीर्घकाळ दिलें असतां हाडें विरळ होतात हें वैद्यकास ठाऊक आहे. खरा अपराधी कोण हें ठरवावयाचें तर एकेका द्रव्याला वेगळें अडवून पाहणें भाग होतें.

याचा उमज पडण्यासाठीं हाडाचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. हाड हें घराच्या दगडी भिंतीसारखें एकदां रचून संपलेलें नसतें. त्यांत कांहीं पेशी जुना भाग सतत विरघळवीत असतात आणि दुसऱ्या पेशी त्या जागीं नवें हाड भरीत असतात. पहिल्यांना अस्थिभक्षक व दुसऱ्यांना अस्थिकारक म्हणतां येईल. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं अशा रीतीनें नवा होतो. मोडणाऱ्याचा आणि बांधणाऱ्याचा वेग समान आहे तोंवर हाड टिकतें. स्त्रियांचा ऋतुप्रवाह थांबल्यानंतर हा तोल बिघडतो, हें बोस्टन येथील फुलर अॅल्ब्राइट यांनीं १९४१ मध्यें स्पष्टपणें मांडलें. बांधणाऱ्या पेशी मंद पडतात अशी त्यांची समजूत होती. पुढें असें आढळून आलें कीं बीजकोशांतील स्त्रीरस, म्हणजे इस्ट्रोजेन, आटल्यावर मोडणाऱ्या पेशींवरील अंकुश सुटतो, हा त्यांतील मोठा भाग आहे. तेव्हां प्रश्न असा उरला कीं हिस्टामिन हें या अस्थिभक्षक पेशींना चिथावणी देतें काय?

त्याचें उत्तर शोधण्याचें काम पॅरिस येथील दंतवैद्यकाच्या क्षेत्रांतील संशोधकांनीं हातीं घेतलें. दंतवैद्यकाचा येथें संबंध काय, असें कोणी विचारील. पण जबड्याचें हाड हें हाडांच्या झिजेचा अभ्यास करण्यास फार सोयीचें असतें. उंदराच्या वरच्या जबड्यांतील दाढा काढल्या म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडांत ठराविक वेळीं झिजेची एक लाट उठते. कोणत्या दिवशीं काय घडेल हें आधींच माहीत असल्यामुळें औषधाचा परिणाम नेमका मोजतां येतो. १९९७ मध्यें दोबिन्यी आणि साफार यांनीं अशा उंदरांवर दोन औषधें वापरलीं. एच्-२ ग्राहक अडविण्यासाठीं त्यांनीं ब्लॅक यांच्या परंपरेंतील सिमेटिडिन घेतलें, आणि एच्-१ ग्राहक अडविण्यासाठीं मेपिरामिन. म्हणजे १९४४ मध्यें बोवे यांच्या हातून निपजलेलेंच तें जुनें औषध. दोहोंनींहि झिजेवर परिणाम केला, आणि तो निरनिराळ्या मार्गांनीं केला. हिस्टामिन हाडापर्यंत पोंचतें, एवढेंच नव्हे तर तेथेंहि त्याचीं दोन्ही कुलुपें आहेत, असा याचा अर्थ होता.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. उंदराच्या मादीचे बीजकोश काढून टाकले म्हणजे तिच्या हाडांची स्थिति उतारवयांतील स्त्रीच्या हाडांसारखी होते. २००२ मध्यें लेक्लू, साफार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा माद्यांना सिमेटिडिन दिलें, तेव्हां अल्पकाळापुरती तरी त्यांच्या हाडांची झीज टळली. २००४ मध्यें त्याच मंडळींनीं पुन्हां तपासून निष्कर्ष काढला कीं अशा झिजेच्या आरंभींच्या टप्प्यांत हिस्टामिनचा हात असतो. शास्त्रीय लेखनांतील हा 'आरंभींच्या टप्प्यांत' शब्द निष्कारण घातलेला नसतो, हें ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

याच सुमारास एक सर्वस्वीं निराळी परीक्षा झाली. औषधानें कुलूप बंद करण्याऐवजीं किल्लीच मुळीं घडूं दिली नाहीं तर काय होईल? शरीरांत हिस्टामिन तयार करणारें एन्झाइम एकच आहे. तें निर्माण करणारा आनुवंशिक घटक नष्ट करून जपानमधील संशोधकांनीं चिमुकल्या उंदरांची एक जात सिद्ध केली होती. २००३ मध्यें अमेरिका व हंगेरी या देशांतील संशोधकांनीं या हिस्टामिनरहित उंदरांचीं हाडें तपासलीं. तीं सामान्य उंदरांच्या हाडांहून अधिक घट्ट होतीं आणि त्यांत अस्थिभक्षक पेशी लक्षणीय रीतीनें कमी होत्या. बीजकोश काढल्यावर सामान्य माद्यांच्या हाडांची जेवढी हानि झाली, त्याच्या निम्म्याच्या सुमारास हानि या माद्यांची झाली. शिवाय ड जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप त्यांच्या शरीरांत अधिक तयार होत होतें. म्हणजे हिस्टामिनच्या अभावाचा लाभ हाडाला दुहेरी मिळत होता. परंतु हानि निम्मी झाली, संपली नाहीं. यावरून हेंहि कळतें कीं हिस्टामिन हें झिजेचें एक कारण आहे, एकमेव नव्हे.

इतकें वाचल्यावर कोणालाहि असें वाटणें स्वाभाविक आहे कीं पेटींतील गोळी रोज एक घेतली तर आजींचें हाड वांचेल. येथेंच थांबावयास हवें. उंदीर म्हणजे लहानसा माणूस नव्हे. त्याचा प्रयोग कांहीं आठवड्यांचा असतो. स्त्रीच्या हाडांची झीज वर्षानुवर्षें चालते. मनुष्यांविषयींचा पुरावा पाहूं गेलें असतां तो एका वाटेनें चालत नाहीं. २००६ मध्यें बुडापेस्ट येथील संशोधकांनीं नोंदविलें कीं ऋतु थांबलेल्या ज्या स्त्रियांना परागांची अॅलर्जी असते त्यांच्यांत हाडें मोडण्याचें प्रमाण अधिक दिसतें. यावरून हिस्टामिनविषयींचा संशय दृढ होतो. परंतु त्याच वर्षीं जठराम्ल कमी करणाऱ्या औषधांसंबंधीं दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. डेन्मार्कमधील पाहणींत एच्-२ रोधक औषधें घेणाऱ्यांचीं हाडें कांहींशीं कमी मोडलेलीं दिसलीं. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या पाहणींत खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण उलट किंचित् अधिक दिसलें. अम्ल कमी झाल्यानें अन्नांतील कॅल्शियम नीट शोषलें जात नसावें, असें याचें एक स्पष्टीकरण सुचविलें गेलें. एका कुलुपानें हाडाचें रक्षण करावें आणि त्याच औषधानें दुसऱ्या दारानें हाडाचें अन्न तोडावें, असा हा पेंच आहे. शिवाय औषध घेणारा माणूस आधींच कोणत्या ना कोणत्या व्याधीनें ग्रस्त असतो. त्याच्या हाडांचा हिशेब एकट्या औषधाच्या नांवावर मांडतां येत नाहीं.

जुन्या एच्-१ रोधक गोळ्यांची अडचण तर याहून साधी आणि गंभीर आहे. त्यांनीं झोंप येते. तरुणाला ती गोड वाटेल. परंतु सत्तरी उलटलेल्या माणसाला मध्यरात्रीं उठावें लागतें, डोकें जड असतें, पाय अडखळतो, आणि तो पडतो. वृद्धांना टाळावींत अशा औषधांची जी यादी अमेरिकेंत बीअर्स यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे, तींत पहिल्या पिढींतील हीं हिस्टामिनरोधक औषधें समाविष्ट आहेत. हाड केवळ विरळ झाल्यानें मोडत नाहीं. बहुधा तें पडल्यानें मोडतें. ज्या गोळीनें प्रयोगशाळेंतील उंदराचें हाड राखलें, त्याच जातीची गोळी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आजींचें हाड मोडण्यास कारण होऊं शकते. हाडांच्या रक्षणासाठीं ही औषधें कोणी वैद्य देत नाहीं तें यामुळेंच. पुरेसें कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, चालणें-फिरणें, पडूं न देणारी घराची व्यवस्था, आणि गरज असल्यास हाडांसाठींच सिद्ध झालेलीं औषधें, हाच आजचा मान्य मार्ग आहे.

मग या साऱ्या संशोधनाचें फलित काय? तें अल्प नाहीं. डेल यांना हिस्टामिन आघाताच्या रूपांत दिसलें, पोपिएल्स्की यांना जठराच्या रूपांत, रायली व वेस्ट यांना मास्ट पेशींच्या कोठारांत, आणि पॅरिसच्या दंतवैद्यकांना जबड्याच्या हाडांत. यांपैकीं कोणाचेंहि दर्शन खोटें नव्हतें आणि कोणाचेंहि पूर्ण नव्हतें. औषधाला जें नांव पडतें तें त्याच्या पहिल्या उपयोगावरून पडतें. शरीर मात्र तें नांव वाचून वागत नाहीं. शिंकेसाठीं घेतलेली गोळी रक्ताबरोबर हाडापर्यंत, मेंदूपर्यंत सर्वत्र जाते आणि जेथें जेथें तिचें कुलूप असेल तेथें तेथें आपलें काम करते. ही जाणीव वैद्याला नव्या औषधाचा मार्ग दाखविते. गृहस्थाला ती एवढेंच सांगते कीं, पेटींतील परिचित गोळी वृद्ध माणसाच्या हातावर ठेवण्यापूर्वीं एकदां वैद्याला विचारावें.